आजोबांनंतर त्याचं कोण?

एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी कुत्रं-मांजर आलं की घर बोलकं होतं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण कोणाच्या घरी कोणतं जनावर द्यावं आणि देताना काय विचारावं, हे उमगायला मात्र पन्नास वर्षं गेली.

1975 साली रॉजर मगफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने इंग्लंडमधल्या एकट्या राहणाऱ्या काही वृद्धांना बजरीगर पक्षी दिले, काहींना बिगोनियाची कुंडी. पुढे तपासलं, तर पक्षी मिळालेल्यांचा लोकांकडे आणि स्वतःकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारला होता. घरी येणाऱ्याशी बोलायला आता एक विषय होता.

1980 मध्ये अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी 92 हृदयरुग्णांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी प्राणी असलेल्या 53 जणांपैकी 3 दगावले, नसलेल्या 39 पैकी 11. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, तरी या विषयाकडे पाहण्याची नजर बदलली. 1983 मध्ये तिथे कायदा झाला आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या वृद्धांच्या घरांत प्राणी पाळायला मुभा मिळाली. 1991 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शुश्रूषागृहात डॉ. बिल थॉमस यांनी दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणले. ज्याची सगळे काळजी घेतात, त्यालाही कुणाची तरी काळजी घ्यायची असते, हे त्यांनी ओळखलं होतं.

हा सगळा विचार माणसाच्या बाजूचा. जनावराच्या बाजूने प्रश्न विचारला तो इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये. 1985 साली अ‍ॅव्हरिल जार्व्हिस यांनी सिनॅमन ट्रस्ट सुरू केला. मालकाला चालवेनासं झालं की स्वयंसेवक कुत्र्याला फिरवून आणतात. मालक गेला, तर आधी ठरल्याप्रमाणे ट्रस्ट त्या प्राण्याला जन्मभर सांभाळतो. आजारी माणसाच्या उशाशी बसलेली सगळ्यात मोठी चिंता त्याने हलकी होते.

2019 मध्ये आणखी एक बाजू पुढे आली. कुत्र्याला पट्ट्याने फिरवताना पडून हाड मोडलेल्या 65 वर्षांवरच्या अमेरिकनांची वर्षाची अंदाजे संख्या 2004 मधल्या 1,671 वरून 2017 मध्ये 4,396 वर गेली होती. तीन-चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक मोडलं होतं ते खुब्याचं हाड. म्हणून आजींना कुत्रा देऊच नये असं नाही. ओढ घेणारं, चावरं पिल्लू देऊ नये. सात-आठ वर्षांचा, स्वभाव कळलेला, लसीकरण आणि नसबंदी झालेला शांत कुत्रा द्यावा. निवाराघरात अशांना सहसा कुणी विचारत नाही. या जोडीत दोघांचंही भलं आहे.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत परदेशी गेलेली मुलं आईबाबांना सोबत म्हणून जातिवंत पिल्लू भेट देतात. प्रेमापोटीच देतात. पण देशी कुत्रंसुद्धा बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. बहात्तराव्या वर्षी आणलेलं पिल्लू म्हातारं होईल, तेव्हा आजोबा पंच्याऐंशीचे असतील. सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 मध्ये स्पष्ट केलं. शेजाऱ्यांचा अडथळा त्याने कमी झाला, वयाचा हिशेब मात्र घरातच करावा लागतो.

म्हणून दत्तक देणाऱ्याने आधी काही दिवस जनावर घरी ठेवून पाहायला सांगावं. रोज कोण फिरवणार, दवाखान्याचा खर्च कोण उचलणार, हे विचारावं. आणि अर्जावर आजोबांच्या नावाखाली दुसरं एक नाव लिहून घ्यावं, त्या माणसाशी समक्ष बोलून. ती ओळ कोरी असेल, तर पट्टा हातात देऊ नये.