तार, पाणी आणि शाई

आंबेडकरी जलशांनी गावोगावी विचार पोहोचवला, त्यात ढोलकीचाही वाटा होता. ढोलकीवादन हा माझाही जुना छंद. इतिहासाचा शिक्षक असूनही तिच्या नादामागील शास्त्र जाणून घ्यावे, या हेतूने पुलगावच्या आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांसह केलेला प्रयोग येथे मांडत आहे.

प्रारंभ तारेपासून केला. लाकडी फळीवर ६० सेंटिमीटर अंतराने दोन घोड्या बसवल्या. बारीक पोलादी तारेचे एक टोक खिळ्याला बांधले, दुसऱ्या टोकाला हलका डबा टांगला. डब्यात १ लिटर पाणी, म्हणजे १ किलो वजन. त्या स्वरास ‘सा’ मानले. मधोमध तिसरी घोडी सरकवताच वरचा ‘सा’ उमटला. लांबी निम्मी झाली की कंपने दुप्पट होतात. ती घोडी काढून पाणी वाढवले. दुप्पट पाण्याने दुप्पट कंपने होतील, असा मुलांचा अंदाज होता. परंतु २ लिटरला स्वर तीव्र मध्यमाजवळच थांबला. वरचा ‘सा’ मिळाला ४ लिटरला. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेचाच दाखला देऊन अतिताण व अतिशैथिल्य टाळण्यास सांगितले होते.

कातड्याचे गणित निराळे आहे. तारेची उपकंपने मूळ कंपनाच्या २, ३, ४ पट असतात. म्हणून स्वर एकजीव वाटतो. साध्या ताणलेल्या कातड्याची उपकंपने मात्र सुमारे १.५९, २.१४ पट अशी आडनिडी असतात. म्हणून डफाला ठाम स्वर नसतो. ढोलकी-तबल्याच्या पुडीवर मध्यभागी जाड व कडेला पातळ शाई चढवली की त्या वजनाने उपकंपने पूर्णांकी पटींजवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हे मांडले. १९१० च्या सुमारास ते आपल्या शेजारच्या नागपुरात हिशेब खात्यात अधिकारी होते. ध्वनिशास्त्र हा तेव्हा नोकरी सांभाळून जोपासलेला व्यासंग होता.

रामन यांनी जे मोजून दाखवले, ते पुडी घडवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. वाद्य देवळात गेले; कातडे कमावणारा उंबरठ्याबाहेर राहिला. त्याच्या ज्ञानाला ‘कसब’ म्हटले गेले, विद्या नव्हे. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातांत असे कितीतरी ज्ञान आहे. मुलांनी ते विचारावे, मोजावे आणि प्रयोगवहीत त्यांच्या नावासह लिहावे.