सायकलला सावरते कोण?

‘चाके फिरत राहतात म्हणून सायकल पडत नाही, असे शाळेत शिकलो होतो. मग वेताळ टेकडीवर चाके फिरत असतानाच मी आडवा कसा होतो?’ हा एका वाचकाचा प्रश्न. त्यांनी जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घेतली आहे आणि रविवारी उजाडता उजाडता ते एकटेच पुण्यातली ही टेकडी गाठतात. डांबरी रस्त्यावर हात सोडूनही सायकल चालते, म्हणतात. टेकडीवर मात्र हँडल घट्ट धरूनही भरवसा नाही.

त्यातल्या ‘घट्ट धरूनही’कडे नंतर येऊ. आधी शाळेतल्या उत्तराचा निकाल लावू.

भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, चाक हाही एक भोवराच, म्हणून सायकल उभी राहते. हे उत्तर इतके देखणे आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. शिवाय त्याच्यामागे माणसेही थोर उभी आहेत. फेलिक्स क्लाइन आणि आर्नोल्ड सोमरफेल्ड या जर्मन पंडितांनी भोवऱ्याच्या सिद्धान्तावर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. शेवटचा खंड १९१० साली आला आणि त्यात सायकलचेही गणित होते. (त्या भागात फ्रिट्झ नोएटरचा मोठा हात होता. एमी नोएटर या थोर गणितज्ञ बाईंचा हा धाकटा भाऊ.) चाकांचा भोवरेपणा काढून घेतला तर सायकल आपली आपण सावरणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. भोवऱ्यावर चार खंड लिहिणाऱ्यांना जिकडेतिकडे भोवरेच दिसले तर दोष कुणाला द्यायचा?

हे उत्तर तपासायला साठ वर्षांनी जो माणूस पुढे आला, तो धंद्याने रसायनशास्त्रज्ञ आणि स्वभावाने खोडकर होता. डेव्हिड जोन्स ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये ‘डिडॅलस’ या टोपणनावाने अचाट शोधांचे सदर चालवायचा. त्याने ठरवले, चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायची. पुढच्या चाकाशेजारी, जमिनीला न टेकणारे दुसरे चाक बसवून त्याने ते उलट्या दिशेने फिरवून दिले. दोन भोवऱ्यांनी एकमेकांना रद्द केले. जोन्स वर बसला आणि चालवत निघाला! मग त्याने फर्निचरला लावतात तसले इंचभराचे चाक पुढे लावून पाहिले. गुळगुळीत जमिनीवर तीही सायकल चालली. शेवटी त्याने हँडलच्या आसाला हात घातला. आपल्या साध्या सायकलचा हा आस सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टेकतो त्या जागेच्या किंचित मागे टायर टेकलेले असते. त्यामुळे सायकल कलली की पुढचे चाक आपोआप त्याच बाजूला वळते. जोन्सने चाक पुढे सरकवून ही रचना उलटी केली, तेव्हा कुठे त्याला चालवायला अवघड अशी सायकल मिळाली. १९७० साली ‘फिजिक्स टुडे’त त्याने हे सगळे लिहिले. विज्ञानातला इतका हसरा लेख क्वचित वाचायला मिळतो.

चाक कललेल्या बाजूला वळण्याने काय साधते? लहानपणी तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ सगळ्यांनी केलेला असतो. काठी झुकेल तिकडे हात न्यायचा, म्हणजे टेकू पुन्हा तिच्या वजनाखाली येतो. सायकलचेही तसेच, फक्त सायकलला हातासारखे सरळ बाजूला सरकता येत नाही. टेकू डावीकडे न्यायचा तर चाक डावीकडे वळवायचे आणि पुढे जात राहायचे. वेग चांगला असेल तर चाक इवलेसे वळले तरी टेकू झटकन बाजूला जातो. वेग कमी असेल तर तेवढ्याच कामासाठी चाक खूप जास्त वळवावे लागते. याच खेळातली आणखी एक गोष्ट आठवा: लांब काठी सावकाश पडते, सावरायला उसंत मिळते, पेन्सिल मात्र बघता बघता आडवी होते. ही पेन्सिल लक्षात असू द्या, थोड्या वेळाने तिचे काम आहे.

सायकलची समीकरणे तशी जुनीच. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या फ्रान्सिस व्हिपल या तरुणाने ती १८९९ साली मांडली आणि पुढे तो हवामानशास्त्राकडे वळला. त्यानंतर शंभरेक वर्षे अनेकांनी ती पुन्हा पुन्हा मांडली, बऱ्याचदा आधीच्यांचे काम न वाचता आणि बऱ्याचदा चुका करत. हा गुंता सोडवायला जो माणूस बसला त्याचे नाव जिम पापाडोपुलोस. माझ्या मते सायकलच्या शास्त्रात याच्याइतका उपेक्षित माणूस दुसरा नाही.

पापाडोपुलोस १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अँडी रुइना यांच्याबरोबर काम करत होता. त्याने सायकलच्या स्थैर्यावरचे मिळतील तेवढे जुने निबंध जमवले, एकेक समीकरण ताडून पाहिले, चुका शोधल्या आणि स्वतःची मांडणी तयार केली. सायकल बनवणाऱ्या कंपन्यांना यात फारसा रस नव्हता. त्यांच्या सायकली समीकरणांशिवायही खपत होत्या. पैसे संपले, प्रकल्प बंद पडला, काम छापून आलेच नाही. पुढे हा माणूस टॉयलेट पेपरची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातले अरेंड श्वाब कॉर्नेलला आले आणि ते जुने कागद पुन्हा बाहेर निघाले. २००७ साली याप मेयार्ड, पापाडोपुलोस, रुइना आणि श्वाब या चौघांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. व्हिपलचे मूळ गणित बरोबर होते, हे त्यात पक्के झाले.

या निबंधात २५ मापे देऊन एक नमुना सायकल ठरवली आहे. तिच्यावर हात सोडून, पुतळ्यासारखा ताठ बसलेला स्वार कल्पिला तर सेकंदाला सुमारे ४.३ ते ६ मीटर, म्हणजे ताशी साधारण साडेपंधरा ते पावणेबावीस किलोमीटर या वेगात ती स्वतःला सावरते. याहून हळू गेली तर डावी-उजवीकडे झुलते आणि झुलता झुलता पडते. याहून जोरात गेली तर अगदी सावकाश एका अंगाला कलत जाते. ते इतके हळू घडते की स्वाराला जाणवतही नाही. आपल्या वाचकांचे डांबरी रस्त्यावर हात सोडणे यात व्यवस्थित बसते.

२०११ साली याच मंडळींनी योडी कोइमनसह ‘सायन्स’मध्ये आणखी एक विचित्र सायकल मांडली. चाके स्केटच्या चाकांएवढी, प्रत्येकावर उलटी फिरणारी तबकडी, म्हणजे भोवरा रद्द. टायर टेकण्याची जागाही हँडलच्या आसाच्या किंचित पुढे, म्हणजे जोन्सची रचनाही रद्द. तरी ढकलून दिली की ती स्वतःला सावरत जाते. कारण पुढच्या भागाचे वजन मुद्दाम खाली ठेवले आहे. बुटकी पेन्सिल लांब काठीच्या आधी पडते तसा पुढचा भाग मागच्याच्या आधी पडू लागतो आणि पडता पडता हँडल नेमके हव्या त्या बाजूला वळवतो. थोडक्यात, हँडल कललेल्या बाजूला वळले पाहिजे, ते कोण वळवतो याला महत्त्व नाही. भोवरा वळवेल, हँडलच्या आसाची रचना वळवेल, वजनाची मांडणी वळवेल, नाहीतर तुमचे हात वळवतील.

आता टेकडीवर चला. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, पुणे शहरातला सर्वांत उंच माथा; वर वेताळबाबाचे देऊळ, एका अंगाला जुनी दगडखाण, उतारांवर गिरिपुष्पाची एकसुरी लागवड. खाली सगळा दख्खनचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजून मुरूम होतो आणि पावसाळा सरला की मुरमाच्या वाटेवर पाण्याने कापलेल्या ओघळी उरतात. मीही इथे एकटाच जातो. चौघांत गेलो की पुढच्याची वाट निमूट धरली जाते. एकटे असलो की प्रत्येक दगडाचा विचार आपल्यालाच करावा लागतो. शिवाय चढावर लागलेली धाप ऐकायला कुणी नसते.

त्या दगडी चढावर वेग असतो ताशी सहा-सात किलोमीटर. म्हणजे जिथे वाट सर्वांत वाईट, तिथेच सायकल स्वतःला सावरण्याच्या वेगापासून सर्वांत लांब. इथे सगळा भार स्वारावर. डेल्फ्टच्याच संशोधकांनी सरकत्या पट्ट्यावर सायकलस्वारांचे चित्रण केले आहे. त्यात असे दिसले की माणूस तोल सांभाळतो तो मुख्यतः हँडलनेच. अंग फारसे झुकवत नाही. अगदी कमी वेगात मात्र हँडलच्या जोडीला गुडघे बाजूला फेकले जाऊ लागतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी डोळ्यांची हालचाल टिपून पाहिले, तेव्हा खराब वाटेवर नजर दूरवरून निघून पुढच्या चाकाजवळच्या जमिनीवर खिळते असे आढळले. टेकडीवर ज्याने त्याने हे अनुभवलेले असते.

ओघळीत काय होते ते आता सहज कळेल. टायर तिच्यात उतरले की दोन्ही बाजूंच्या भिंती चाकाला वळू देत नाहीत. सायकल कलते, हात वळवू पाहतात, चाक हलत नाही आणि टेकू आपल्याखाली येतच नाही. हँडल वेल्डिंगने पक्के केलेली सायकल कसलेल्या स्वारालाही फार काळ उभी ठेवता येत नाही. ओघळ त्या वेल्डिंगचेच काम करते. आणि घट्ट धरलेले हातही तेच करतात. वळू पाहणाऱ्या चाकाला आपण अडवतो आणि वर नशिबाला बोल लावतो.

दोन दगडांमधल्या चिंचोळ्या वाटेची अडचण वेगळी. डावीकडे वळायचे तर आपण आधी क्षणभर हँडल उजवीकडे वळवतो, त्याने अंग डावीकडे कलते आणि मग डावे वळण लागते. हे आपण नकळत करतो. डेटनमध्ये सायकलचे दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने अनेक स्वारांना विचारून पाहिले होते, पण आपण नेमके काय करतो हे कुणालाच धड सांगता येईना. उजवीकडे हातभर अंतरावर दगड असेल तर हा उलटा झोका घ्यायला जागा उरत नाही. म्हणून वळण दगडापाशी पोहोचण्याआधीच सुरू करावे लागते.

उताराचा हिशेब आणखी मजेदार आहे. स्वार आणि सायकल मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटर उंच आणि पुढच्या टायरच्या टेकण्याच्या जागेपासून ६५ सेंटिमीटर मागे आहे असे धरू. सपाटीवर ब्रेक दाबताना गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ५९ टक्के मंदन होईपर्यंत मागचे चाक उचलले जात नाही. २० अंशांच्या उतारावर ही मर्यादा थेट २१ टक्क्यांवर येते! आता कंबर सीटच्या मागे आणि खाली न्या: उंची ९० सेंटिमीटर, मागचे अंतर ८५. त्याच उतारावर मर्यादा पुन्हा ५५ टक्क्यांपर्यंत चढते. गुरुत्वमध्य वीतभर मागे आणि तेवढाच खाली सरकल्याने सपाटीवरची ताकद जवळपास परत मिळते. अनुभवी मंडळी उतारावर सीट खाली का घेतात, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. अर्थात कठीण पाषाणावर सुटा मुरूम पसरलेला असला की हँडलवरून पलटी खाण्याची वेळ येण्याआधीच खडे टायरखाली लोळतात आणि पुढचे चाक घसरते. घसरणारे चाक कितीही वळवले तरी टेकू हवा तिथे जात नाही, म्हणजे परिणाम ओघळीचाच. एकट्याने जाणाऱ्याने कुठल्या वाटेने उतरणार हे घरी सांगून निघावे, ते यासाठीच.

जाहिरातींबद्दलही बोलायला हवे. ‘२९ इंची चाक दगडांवरून तरंगत जाते’ असे ऐकून वाचक महागडा बदल करायच्या विचारात असतील, तर हे पाहा. टायर धरून २६ इंचीची त्रिज्या साधारण ३३.५ सेंटिमीटर, २९ इंचीची ३७. दहा सेंटिमीटर उंच दगडाला धडकताना पहिल्याचा वर चढण्याचा कोन येतो सुमारे साडेपंचेचाळीस अंश, दुसऱ्याचा त्रेचाळीस. फरक खरा आहे, पण अडीच अंशांना तरंगणे म्हणायला जाहिरातवालाच हवा. त्यापेक्षा टायरमधली हवा थोडी कमी करून पाहा. मऊ टायर खड्याभोवती दबते, अख्खी सायकल आणि स्वार यांना वर उचलावे लागत नाही. पंप तर घरात असतोच. हवा फारच कमी केली तर मात्र दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते.

मग हँडल वळवण्याचे काम यंत्रावर सोपवले तर? डेल्फ्टमध्ये २०१९ साली गॅझेल या सायकल कंपनीच्या साथीने एक नमुना सायकल दाखवली गेली. तिच्या हँडलमध्ये मोटर आहे. सायकल कलली की मोटर हँडल त्या बाजूला वळवते, त्यामुळे ताशी चार किलोमीटर एवढ्या कमी वेगातही ती उभी राहते. सायकलवरून पडून जखमी होणाऱ्या डच आजी-आजोबांसाठी हा खटाटोप आहे आणि त्या सपाट देशात तो उपयोगी पडेलही. अशी सायकल टेकडीवर आणली तर दगडी चढावर ती आपल्याला नक्कीच लाजवेल. ओघळीत मात्र चाकाला वळायला जागा लागते, ती मोटरलाही करता येत नाही. ओघळ आडवी गाठावी, काटकोनात ओलांडावी; लांबच्या लांब सोबत येत असेल तर उतरून सायकल हातात धरावी.