पिसांचा व्हेलोसिरॅप्टर पारखताना

व्हेलोसिरॅप्टर या डायनासोरच्या फिगरची पारख हातांपासून सुरू करावी. मंगोलियात सापडलेल्या एका जीवाश्मात कोपरापुढच्या हाडावर पिसांच्या मुळांचे उंचवटे असल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे या प्राण्याच्या हातांना पक्ष्यांसारखी लांब पिसे होती. त्याच्या नातलगांच्या जीवाश्मांत ही पिसे मनगटापाशी न थांबता मधल्या बोटापर्यंत गेलेली दिसतात. अनेक फिगरमध्ये मात्र मनगटावरच झालर संपते आणि पुढे उघडाबोडका पंजा येतो. चांगल्या रंगकामानेही हा दोष झाकला जात नाही. तळवे जमिनीकडे नव्हे, एकमेकांकडे वळलेले हवेत; १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मधली हातांची ठेवण शरीररचनेला धरून नाही.

पायाचे दुसरे बोट, विळ्यासारख्या नखीचे, जमिनीपासून उचललेले असावे. शेपटी हाडांच्या लांब काड्यांनी ताठ झालेली होती, त्यामुळे तिची वेटोळी चालत नाहीत. प्राणी शेपटीसकट सुमारे २ मीटर लांब होता. १:६ प्रमाणातली फिगर साधारण ३३ सेंटिमीटर भरायला हवी.

व्हेलोसिरॅप्टरचा रंग माहीत नाही, म्हणून रंगात कलाकाराला मोकळीक आहे. त्याचा नातलग मायक्रोरॅप्टर याची गोष्ट वेगळी: त्याची पिसे काळी आणि चमकदार झाक असलेली होती, हे २०१२ मध्ये कळले. त्याची हिरवी-तपकिरी फिगर म्हणून खटकते.

शेवटी तोल. दोन पायांवरची मऊ प्लास्टिकची फिगर उन्हाळ्यात घोट्यातून वाकते. गरम पाण्यात धरून पाय सरळ करावेत आणि लगेच थंड पाण्यात बुडवावेत.