सत्यनिष्ठ मॅक्सिमस

प्राचीन रोमन साम्राज्याचा पूर्वेकडील भाग इतिहासात बायझंटाइन साम्राज्य म्हणून ओळखला जातो. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, ही त्याची राजधानी होती. इ. स. ५८० च्या सुमारास जन्मलेले मॅक्सिमस हे या साम्राज्यातील थोर ख्रिस्ती धर्मचिंतक होत. सम्राट हेराक्लियसच्या दरबारातील सचिवपद सोडून त्यांनी मठवासी जीवन स्वीकारले. प्रेमावरील ४०० सूत्रांचा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. ज्याचे ईश्वरावर प्रेम आहे, तो सर्व माणसांवर सारखेच प्रेम करतो, अशी त्यांची शिकवण होती.

४५१ मध्ये कॅल्सिडन येथील धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या ठायी दैवी व मानवी अशी दोन स्वरूपे मानली होती. इजिप्त व सिरियातील अनेकांना हे मान्य नव्हते. परचक्राने त्रस्त झालेल्या साम्राज्याला ऐक्याची निकड होती. म्हणून ६३८ मध्ये हेराक्लियसने तडजोडीचे फर्मान काढले : ख्रिस्ताची स्वरूपे दोन असली, तरी इच्छा एकच आहे.

मॅक्सिमस यांनी या मताला विरोध केला. ख्रिस्त पूर्ण मानव असेल, तर त्याला मानवी इच्छाही असलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मृत्यूच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ख्रिस्त व्याकूळ झाला. तरीही त्याने ईश्वराची इच्छा स्वीकारली. हा स्वीकार मानवी इच्छेने, स्वखुशीने केलेला होता. ती इच्छाच नाकारली, तर माणसाच्या उद्धारात त्याच्या स्वातंत्र्याला स्थान उरत नाही.

६४८ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टन्स याने या विषयाच्या चर्चेवरच बंदी घातली. मॅक्सिमस यांनी ती जुमानली नाही. ६४९ मध्ये रोम येथील धर्मपरिषदेने एकाच इच्छेचे मत अमान्य केले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. ६५३ मध्ये त्यांना अटक झाली आणि त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. धर्मतत्त्वांचा निर्णय करणे हे सम्राटाचे काम नाही, असे त्यांनी चौकशीत निर्भयपणे सांगितले. ६६२ मध्ये त्यांची जीभ व उजवा हात तोडून त्यांना आजच्या जॉर्जियातील लाझिका प्रदेशात हद्दपार करण्यात आले. तेथेच त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

६८०-८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथेच भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या दोन इच्छांचे तत्त्व मान्य केले. छळ सोसूनही श्रद्धेची ग्वाही देणारा, या अर्थाने मॅक्सिमस 'कन्फेसर' या उपाधीने ओळखले जातात.