मातीविना पिकविलेल्या रोपांच्या पानांचे विकार व त्यांची ओळख

मातीचा आश्रय न घेतां, केवळ वाहत्या पाण्यांत अथवा नारळाच्या भुशानें भरलेल्या पिशव्यांत क्षारांचें द्रावण सोडून काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची इत्यादि पिकें घेण्याचा प्रघात हरितगृहांबरोबर आपल्या प्रांतांतहि रूढ झाला आहे. या रीतीनें पीक घेणाऱ्या बागाईतदारांकडून आमच्याकडे जी पृच्छा होते, तिचें स्वरूप बहुधा एकच असतें: “पानें पिवळीं पडत आहेत, काय घालावें?” काय घालावें हा प्रश्न शेवटचा आहे. कोणतीं पानें प्रथम पिवळीं पडलीं, हा पहिला प्रश्न होय. आणि त्याचें उत्तर मिळण्यापूर्वीं टाकींत घातलेली क्षाराची प्रत्येक मूठ उपकारापेक्षां अपकारच अधिक करते.

मातीच्या शेतींत चूक झाली तरी ती पोटांत घालणारी काळी आई असते. खत कमीजास्त पडलें तर माती तें धरून ठेवते व गरजेप्रमाणें सोडते. पाण्यांतल्या पिकास असा पाठीराखा कोणी नाहीं. द्रावणांत आज झालेला बिघाड चारआठ दिवसांत पानांवर उमटतो, आणि हरितगृहासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते त्याच पानांवर अवलंबून असतात. परंतु याला दुसरीहि एक बाजू आहे. ही रीत मुळांत निघाली तीच झाडाचें अन्न ओळखण्यासाठीं. जर्मनींत साक्स व क्नोप या शास्त्रज्ञांनीं 1860 च्या सुमारास क्षारमिश्रित पाण्यांत रोपें वाढवून झाडास कोणकोणतीं द्रव्यें लागतात हें शोधण्यास आरंभ केला. एखादें द्रव्य वगळावयाचें आणि पान काय सांगतें तें पाहावयाचें, ही त्या शोधाची पद्धत. पुढें 1929 च्या सुमारास कॅलिफोर्नियांत गेरिक यांनीं ही रीत प्रयोगशाळेंतून शेतकऱ्याच्या दारीं आणण्याचा उद्योग केला. तेथीलच होगलंड व आर्नन यांनीं 1938 सालीं द्रावणाचीं प्रमाणें सांगणारी पुस्तिका काढली, आणि तीं प्रमाणें थोड्याफार फरकानें आजहि वापरांत आहेत. तेव्हां पानाची भाषा ही या विद्येची जन्मभाषाच म्हणावयास हरकत नाहीं.

त्या भाषेचें पहिलें सूत्र असें. कांहीं द्रव्यें झाडाच्या अंगांत फिरतीं असतात. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम यांचा तुटवडा पडला, कीं झाड तीं जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवितें. साहजिकच हाल होतात ते खालच्या पानांचे. याच्या उलट कॅल्शियम, लोह व बोरॉन हीं द्रव्यें एकदां ज्या पानांत बसलीं तेथून सहसां हलत नाहींत. त्यांची वाण शेंड्याकडील नव्या पानांत दिसते, आणि खालचीं पानें मात्र हिरवीगार राहतात. गंधकाची उणीवहि बहुधा वरच्याच पानांवर उमटते. म्हणून हरितगृहांत शिरतांच झाडाचा वरचा व खालचा असे दोन भाग मनांत करून मग पाहावें.

खालचें पान सर्वच्या सर्व, शिरांसकट, फिकट होऊन पिवळें पडत असेल आणि वाढ खुरटली असेल तर नत्राचा संशय घ्यावा. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम कमी पडत आहे. कडा करपून तपकिरी होत असतील तर पालाश. स्फुरदाच्या उणिवेंत पान पिवळें न होतां उलट गडद व निस्तेज हिरवें होतें, आणि टोमॅटोंत पानाची खालची बाजू जांभळट दिसते. नारळाचा भुसा वापरणारांनीं मॅग्नेशियमकडे विशेष ध्यान द्यावें. चांगला न धुतलेला व संस्कार न केलेला भुसा आपल्या अंगचा पालाश व सोडियम द्रावणांत सोडतो, आणि त्याच्या बदल्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतो. तशांत फळधारणेसाठीं म्हणून पालाश वाढवीत गेल्यास मुळांशीं मॅग्नेशियमची अधिकच अडवणूक होते. टाकींत मॅग्नेशियम हिशेबाप्रमाणें असूनहि पान उपाशी राहतें, तें असें.

आतां वरच्या पानांकडे वळूं. कोवळें पान पिवळें, क्वचित् पांढुरकें, आणि त्यांत शिरांचें बारीक हिरवें जाळें, हें लोहाच्या उणिवेचें चिन्ह. चुनखडीच्या जमिनींत उसावर ‘केवडा’ पडतो तो आमच्या वाचकांस चांगला परिचित आहे. काकडीच्या शेंड्यावरील हा विकार त्याच जातीचा समजावा. उसाच्या शेतांत जमिनींत लोह पुष्कळ असतें, पण चुन्यामुळें तें मुळास घेतां येत नाहीं. द्रावणांतहि बहुधा हेंच घडतें, आणि येथेंच पुष्कळ जण फसतात.

पाण्याचा आम्लविम्लपणा ज्या अंकानें सांगतात तो सामू, द्रावणांत साधारण साडेपांच ते साडेसहा यांच्या दरम्यान असावा लागतो. तो सातांपलीकडे गेला कीं साधें लोह तळाशीं सांकळून बसतें. मँगनीज व जस्त यांचीहि तीच गत होते. ईडीटीए नांवाच्या द्रव्यांत बांधलेलें लोह साडेसहाच्या आसपासपर्यंत टिकतें. ईडीडीएचएमध्यें बांधलेलें त्याहून बरेंच वर टिकतें, पण तें महाग असतें. आपल्याकडील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत बायकार्बोनेट क्षार पुष्कळ असल्यामुळें सामू वर चढण्याची खोड त्या पाण्यास उपजतच असते.

आमच्या पाहण्यांत आलेल्या एका हरितगृहांत काकडीचे शेंडे असे पिवळे पडले होते. मालकानें दोनदां हिराकस घातला, गुण आला नाहीं. मग नत्रानें हिरवेपणा येईल म्हणून नायट्रेटचें प्रमाण वाढविलें. द्रावण तपासतां सामू 7.9 निघाला. लोह टाकींत होतें, झाडास मिळत नव्हतें; आणि वाढविलेल्या क्षारांमुळें खालच्या पानांच्या कडा करपूं लागल्या होत्या. एका रोगाचे दोन रोग झाले होते. उपाय कांहींच नवा घालावयाचा नव्हता. जुनें द्रावण काढून टाकलें, सामू उतरविलेल्या पाण्यानें पिशव्या धुतल्या व ताजें द्रावण 5.8 वर ठेवलें. आठदहा दिवसांत नवीन पानें हिरवीं येऊं लागलीं. करपलेल्या कडा मात्र तशाच राहिल्या. मेलेला भाग पुन्हां जिवंत होत नसतो, म्हणून उपायाची परीक्षा सदैव नव्या पानावर करावी.

कॅल्शियमच्या बाबतींतहि असाच घोटाळा होतो. कोवळ्या पानांचीं टोकें जळणें किंवा टोमॅटोचा बुडखा काळा पडणें हें त्याचें लक्षण. तथापि कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबर चढत असल्यामुळें, हवा कोंदट असली, पाणी देण्यांत खंड पडला अथवा द्रावण फार तीव्र झालें, तर भरपूर कॅल्शियम असूनहि ही अवस्था येते. द्रावणाची तीव्रता विद्युद्वाहकतेनें मोजतात. टोमॅटोस ती सामान्यतः 2 ते 3.5 मिलिसीमेन्स चालते. सॅलडच्या पाल्यास इतकी सोसत नाहीं. पिशवींत जाणाऱ्या व खालून निथळणाऱ्या अशा दोन्ही पाण्यांची वाहकता मोजावी. निथळणाऱ्याची बरीच अधिक भरली तर पिशवींत क्षार सांचत आहेत असें समजावें.

सारीं पानें दुपारीं मलूल होत असतील तर पानांचा नाद सोडून मुळें पाहावीं. निरोगी मूळ पांढरें व चिवट असतें. तपकिरी, बुळबुळीत व दुर्गंधी येणारें मूळ कुजलेलें असतें. 20 अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरास सुमारें 9 मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर 30 अंशांस साडेसातच. वैशाखांत टाकी उन्हांत तापली कीं मुळांचा श्वास कोंडतो, आणि पिथियम नांवाच्या बुरशीस आयतें निमंत्रण मिळतें. मूळ निकामी झाल्यावर पानावर कोणत्याहि द्रव्याची उणीव दिसूं शकते. अशा वेळीं टाकीवर सावली करणें हेंच खत होय.

पानाची खालची बाजू भिंगानें पाहण्याचा आळस मात्र करूं नये. लाल कोळ्याचे बारीक पिवळे ठिपके, फुलकिड्यांचे रुपेरी ओरखडे, पांढऱ्या माशीनें आणलेला पर्णगुच्छ, यांस क्षार घालून कोण बरें करणार? क्षारांची उणीव सहसां पुष्कळ रोपांवर एकसारखी दिसते. कीड व रोग बहुधा एका कोपऱ्यांतून अथवा दारापासून सुरू होतात.

संशय लोहाचा असला व खात्री होत नसली तर एक सोपा प्रयोग आहे. बांधलेलें लोह लिटरभर पाण्यांत एक ग्रॅम विरघळवून, सायंकाळीं पांचसहा कोवळ्या पानांच्या अर्ध्याच भागास ब्रशानें लावावें. आठवड्यांत तेवढाच अर्धा भाग हिरवा झाला तर संशय खरा. मग सामू पाहावा, आणि तो बरोबर असेल तरच लोह वाढवावें. सामू मोजण्याचें यंत्र 4 व 7 च्या प्रमाणद्रावांत वारंवार पडताळून घ्यावें. बिघडलेल्या यंत्रावर विसंबण्यापेक्षां यंत्र नसलेलें बरें.

पीक लावण्यापूर्वींच विहिरीच्या पाण्याचें पृथक्करण करून बायकार्बोनेट किती आहेत तें जाणून घ्यावें. ते मारण्यास नायट्रिक अथवा फॉस्फोरिक आम्ल वापरतात, आणि त्यांतून मिळणारें नत्र व स्फुरद द्रावणाच्या हिशेबांत धरावें लागतें. आम्ल पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत कदापि ओतूं नये. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. कॅल्शियम नायट्रेटची दाट टाकी वेगळी, आणि सल्फेट व फॉस्फेट यांची वेगळी ठेवावी. दोन्ही दाट एकत्र केल्यास त्यांचा पांढरा गाळ बनून तळाशीं बसतो व ठिबकच्या नळ्या चोंदतात.