विवाहविधीतील रंग : अर्थ, क्रम आणि सजावट

तुळशीविवाह आटोपला की लग्नसराईस आरंभ होतो आणि घरोघरी याद्या तयार होऊ लागतात. पूर्वी या याद्यांच्या अग्रभागी नारळ, सुपाऱ्या, खण आणि तांदूळ असत. अलीकडे तेथे ‘मंडपाचा रंग कोणता?’ हा प्रश्न आढळतो. एकच रंग ठरवून पडदे, फुले, पाहुण्यांचे पोशाख आणि निमंत्रणपत्रिकासुद्धा त्याच रंगात करण्याचा प्रघात रुळला आहे. हौसेला मोल नसते आणि तीत वावगेही काही नाही. परंतु आपल्या विवाहविधीला स्वतःची रंगयोजना मुळातच आहे. ती एका रंगाची नसून क्रमाने येणाऱ्या अनेक रंगांची आहे, आणि त्यातील प्रत्येक रंग कोणा ना कोणा नातलगाच्या हातून येतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य केलेल्या आपल्या कुटुंबांत विधी बहुधा टिकले आहेत. त्यांचा अर्थ सांगणारी वडीलधारी मंडळी मात्र विरळ होत चालली आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

रंगांचा क्रम

विवाहाचा पहिला रंग हळदीचा. वराला लावून उरलेली ‘उष्टी हळद’ वधूकडे पाठवावयाची आणि तीच तिला लावावयाची, अशी अनेक घराण्यांत रीत आहे. दोन्ही घरांना जोडणारा पहिला दुवा म्हणजे हा पिवळा रंग होय. विवाहाच्या दिवशी वधू मामाकडून आलेली पिवळी साडी नेसून गौरीहरापाशी बसते. हिलाच अष्टपुत्री म्हणतात. वधूवरांच्या कपाळी मुंडावळ्या बांधल्या जातात. त्या मोत्यांच्या अथवा फुलांच्या असतात.

त्यानंतर पांढऱ्या रंगाची पाळी येते. वधूवरांमध्ये धरला जाणारा अंतरपाट पांढरा असून त्यावर कुंकवाने स्वस्तिक रेखलेले असते. मंगलाष्टके संपताच तो दूर होतो आणि कुंकवाने रंगविलेल्या तांबूस अक्षता दोघांवर पडतात. पिवळ्या वधूवस्त्रावर पांढरा पडदा सरकून तांबड्या अक्षतांचा वर्षाव व्हावा, ही योजना कोणा सजावटकाराची नव्हे. ती विधीतच आहे. पुढे घराण्याच्या रिवाजानुसार वधू शालू नेसते, शेल्या-उपरण्याची गाठ पडते आणि होम व सप्तपदी होते.

हळद आणि कुंकू

पिवळा आणि तांबडा हे दोन रंग एकाच मुळापासून निघतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हळदीतील रंगद्रव्याचा चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी संयोग झाला की त्याचा पिवळेपणा जाऊन ते तांबडे होते. पारंपरिक कुंकू याच तत्त्वावर तयार होत असे. हळदीच्या डागाला साबण लावताच तो क्षणभर लालसर दिसतो, त्याचेही कारण हेच. चुन्याने केलेल्या कुंकवात लिंबाचा रस घातल्यास ते पुन्हा पिवळसर होते. बाजारातील पुष्कळशा कुंकवांत आज कृत्रिम रंग असतात आणि कित्येकांच्या त्वचेस ते बाधतात. तेव्हा विवाहासाठी हळदीचे कुंकू आधीच मिळवून ठेवणे हिताचे.

हिरवा चुडा

विवाहाच्या आदल्या दिवशी अथवा त्याआधी कासाराकडून वधूच्या हाती हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या जातात. घरातील इतर स्त्रियाही तेव्हा बांगड्या भरतात. दोन्ही हातांत किती बांगड्या असाव्यात, हे घराण्यागणिक भिन्न असते. हिरवा रंग नव्या पालवीचा, म्हणून तो वाढीचा मानला गेला. बांगडी ‘फुटली’ न म्हणता ‘वाढली’ म्हणण्यामागेही हीच भावना आहे. गोमंतकात या विधीस ‘चुडो’ म्हणतात आणि तो हिंदूंप्रमाणेच तेथील ख्रिस्ती कुटुंबांतही होतो. धर्म बदलला तरी हातातील काचेची किणकिण राहिली, यावरून हा रंग किती खोल रुजला आहे हे ध्यानी येईल.

काळा रंग वर्ज्य आहे काय?

शुभकार्यात काळे नको, हा सर्वसाधारण संकेत आहे. तरीही विवाहातील मुख्य अलंकार, मंगळसूत्र, काळ्या मण्यांचाच असतो. विवाहानंतरच्या पहिल्या संक्रांतीस नववधूला काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या परंपरेत कोणताही रंग स्वभावतः शुभ वा अशुभ नाही. त्याला त्याची वेळ आणि त्याचे स्थान आहे.

वस्त्रांची निवड

पैठणीतील रंगांना स्वतंत्र नावे आहेत : पोपटी हिरवी ती राघू, शुभ्र ती शिरोदक, तांबड्या काठाची काळी ती काळी चंद्रकळा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतल्याने वस्त्रावर धूपछाव उमटते. परंतु महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांनी केवळ पैठणीचाच आग्रह धरावा असे नाही. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरी विणकरांना आश्रय दिला, आणि तेथील साडीच्या काठावर किल्ल्याच्या व घाटाच्या दगडी नक्षीतून आलेल्या आकृती आजही विणल्या जातात. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने चंदेरीला आश्रय दिला. बेळगावकडील मंडळींना इरकली साडी आणि गुळेदगुड्डचा खण शेजारचेच आहेत. जेथे आपण राहिलो तेथील हातमागाचे वस्त्र विवाहात असणे, हे त्या भूमीचे ऋण मान्य करणेच होय.

दोन घरांचे रंग

आज आपल्या मुलामुलींचे विवाह अन्य भाषिक कुटुंबांत होतात आणि मग ‘कोणाच्या पद्धतीने?’ हा प्रश्न उद्भवतो. अशा वेळी रंगांकडे पाहावे; साम्य आपोआप दिसू लागते. गुजराती वधूचे पांढरे-तांबडे पानेतर परंपरेने तिच्या मामाकडून येते, जशी आपल्याकडे पिवळी साडी येते. तेलुगू विवाहातही वधूवरांमध्ये पडदा धरतात आणि नंतर ती दोघे एकमेकांच्या मस्तकावर हळदीने पिवळे केलेले तांदूळ ओततात. तेव्हा बडोद्याच्या घरात पानेतर आणि पिवळी साडी यांपैकी एकीस नाकारण्याचे कारण नाही. गौरीहरास पिवळी नेसावी आणि त्यापुढील विधीस पानेतर नेसावे. दोन्ही मामांचा, म्हणजेच दोन्ही रीतींचा, मान राहतो.

मंडपाची सजावट

वरील विवेचनातून सजावटीचे काही साधे नियम निघतात.

पहिला नियम असा की, मंडपाने विधीच्या रंगांशी स्पर्धा करू नये. पार्श्वभूमी पांढरी, फिकट अथवा पानांच्या हिरव्या रंगाची असल्यास हळद, कुंकू, चुडा आणि शालू हे सारे उठून दिसतात. केळीचे खांब, आंब्याची तोरणे आणि गौरीहराच्या चारी कोपऱ्यांतील रंगविलेल्या बोळक्यांच्या उतरंडी एवढ्यानेही मंडप भरून जातो.

दुसरा नियम प्रकाशाचा. रंगीत दिव्यांचा मोह विधीच्या वेळेपुरता आवरावा. निळ्या प्रकाशात पिवळी साडी काळवंडते आणि तांबड्या वा जांभळ्या प्रकाशात हिरवा चुडा काळा दिसतो. विधीच्या वेळी साधा, किंचित पिवळसर पांढरा प्रकाश ठेवावा. रंगीत दिवे स्वागतसमारंभासाठी राखावेत.

तिसरा नियम फुलांचा. झेंडू, शेवंती, निशिगंध, मोगरा यांपैकी जे ऋतूत असेल ते घ्यावे. झेंडू मूळचा अमेरिका खंडातला. तो येथे आला आणि आपल्या प्रत्येक तोरणात जाऊन बसला. परंपरा नव्याला दार बंद करीत नाही, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

चौथी सूचना आधुनिक रुचीच्या वधूवरांसाठी. एकसूत्री रंगयोजना हवीच असेल, तर ती विकतच्या चित्रांतून न घेता घरातील एखाद्या जुन्या वस्त्रातून घ्यावी. आजीच्या साडीचे एका बाजूस हिरवे आणि दुसऱ्या बाजूस तांबडे असे गंगा-जमुना काठ असतील, तर तेच दोन रंग मंडपाच्या दोन बाजूंना द्यावेत. अशी योजना दुसऱ्या कोणाच्या मंडपात दिसणार नाही.

हे रंग कोणाच्या हातून यावेत?

शेवटी जो मुद्दा मांडावयाचा, तो सजावटीहून महत्त्वाचा आहे. प्रत्येक रंग कोणाच्या तरी हातून येतो, असे आम्ही आरंभी म्हटले. मग ज्या घरी वधूचे अथवा वराचे वडील हयात नाहीत, तेथे आईचा हात का थांबवला जातो? जिने एकटीने कष्ट करून लेकरू वाढविले, तीच हळदीच्या वेळी मागच्या खोलीत जाऊन बसते, चुडा भरताना दूर उभी राहते आणि औक्षणासाठी दुसऱ्या कोणास पुढे करते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. तिला कोणी उघडपणे नाही म्हणत नाही. ती स्वतःहूनच मागे सरते, आणि आपण ते पाहून गप्प राहतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्या आदर्शाचे आवाहन केले. एक गाव जे करू शकले, ते एका घराला अशक्य नाही. त्यासाठी ठरावाची आवश्यकता नसून, हळदीची वाटी घेऊन घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने त्या माउलीस नावाने हाक मारणे पुरेसे आहे. ‘लोक काय म्हणतील’ या शंकेस उत्तर एवढेच की, काळ्या मण्यांना ज्या परंपरेने मंगळसूत्रात स्थान दिले, तिला आईचा हात अमंगल वाटण्याचे कारण नाही.

यादी करताना म्हणून प्रथम रंग न लिहिता माणसे लिहावीत : पहिली हळद कोण लावणार, पिवळी साडी कोणता मामा देणार, अंतरपाट कोण धरणार, औक्षण कोण करणार. हे ठरले की रंग त्यांच्यामागून आपोआप येतात, आणि मंडपवाल्यास काय सांगावयाचे तेही सुचते. कुलाचार प्रत्येक घराचा निराळा असतो. म्हणून आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस विचारून तो आजच वहीत लिहून ठेवावा, ही सर्वांस नम्र विनंती.

यंदा बोहल्यावर चढणाऱ्या सर्व वधूवरांस अनेक शुभाशीर्वाद.