रिमॅच नंतर, आधी डाव बघा!

ऑनलाइन बुद्धिबळात हरलो की आपण पहिलं काय करतो? 'रिमॅच' दाबतो. नाहीतर समोरचा 'लकी' होता म्हणून मोकळे! बॉबी फिशर हरला तेव्हा त्याने काय केलं, बघा.

साल १९६०. अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथली स्पर्धा. अमेरिकेचा फिशर १७ वर्षांचा, सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की २३ चा. पांढरे मोहरे स्पास्कीकडे. दुसऱ्याच चालीला त्याने राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवून चक्क देऊ केलं. हाच किंग्ज गॅम्बिट. प्यादं द्यायचं, बदल्यात पटाचा मध्य धरायचा आणि मोहरे भराभर काढून हल्ला करायचा. जोखीम एकच, आपल्याच राजाची तटबंदी ढिली होते.

फिशरने प्यादं घेतलं. त्याचा डाव चांगला चालला होता, पण शेवटी गडबडला. स्पास्कीच्या २९ व्या चालीनंतर त्याने डाव सोडला. स्पर्धेत दोघं संयुक्त पहिले आले, तरी हा पराभव फिशरच्या डोक्यातून जाईना.

१९६१ मध्ये त्याने थेट लेखच लिहिला : किंग्ज गॅम्बिट खेळणारा हरायलाच हवा! त्याचा उतारा साधा होता. काळ्याने तिसऱ्या चालीला वजिरापुढचं प्यादं एकच घर पुढे न्यायचं. स्पास्कीचा घोडा ज्या घरात घुसला होता, त्या घरावर मग पहारा बसतो.

पुढची गंमत ऐका. १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत फिशर स्वतःच हा गॅम्बिट खेळला आणि लॅरी एव्हन्सला हरवलं! फक्त घोड्याऐवजी त्याने उंट आधी काढला.

म्हणजे अभ्यास केला आणि लगेच बदला मिळाला, असं मात्र नाही. स्पास्कीला पहिल्यांदा हरवायला त्याला १९७२ उजाडलं. आइसलँडमधली ती जगज्जेतेपदाची लढत फिशरने जिंकली. त्यातल्या सहाव्या डावात तो क्वीन्स गॅम्बिटकडे वळला, आणि इतका सुरेख खेळला की हरलेल्या स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या.

मार देल प्लाताचा तो हरलेला डाव फिशरने लपवला नाही. आपल्या ६० निवडक डावांच्या पुस्तकात त्याने तो चुकांसकट छापला.

तेव्हा आज रात्री हरलात, तर 'रिमॅच' दोन मिनिटं थांबू दे. आधी डाव मागे नेऊन ती एक चाल शोधा, जिथे माती झाली!